समुद्रतळीची स्ट्राँगरूम

१९४० सालच्या जून महिन्यात ब्रिटनची अवस्था, एखाद्या जुन्या नामांकित पेढीवर एकाच सकाळी सगळे ठेवीदार चालून यावेत, तशी झाली होती. फ्रान्स कोसळला होता. डंकर्कच्या किनाऱ्यावर तोफा, मोटारी आणि दारूगोळा टाकून सैन्य कसेबसे मायदेशी परतले होते. नवी शस्त्रे मोठ्या प्रमाणावर मिळण्याचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे अमेरिका. आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे युद्धात उतरलेल्या राष्ट्राला शस्त्रे उधारीवर मिळत नसत. रोख मोजावी आणि आपल्या बोटीतून माल न्यावा, असा खडा व्यवहार होता. ही रोख म्हणजे अखेर सोने. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून निघालेले सोने त्यामुळे निरनिराळ्या वाटांनी अमेरिकेकडे रवाना होत असे. अटलांटिक महासागरात जर्मन यू-बोटींचा धुमाकूळ चालू असल्याने काही सोने अर्ध्या जगाला वळसा घालून, पॅसिफिकच्या लांबच्या वाटेने पाठविले जाई.

त्यातीलच एक खेप ‘नायगारा’ नावाच्या उतारू आगबोटीवर चढविली गेली. सोने बँक ऑफ इंग्लंडच्या खात्याचे होते. प्रत्येक पेटीत २ विटा, अशा २९५ पेट्या. म्हणजे एकूण ५९० विटा. वजन सुमारे ८ टन आणि तेव्हाच्या भावाने किंमत सुमारे २५ लक्ष पौंड. १८ जूनच्या रात्री बोटीने ऑकलंड सोडले. १९ जूनच्या पहाटे, पावणेचार वाजण्याच्या सुमारास, किनाऱ्यापासून फार दूर गेलेली नसतानाच तिच्या तळाशी स्फोट झाला. पाच दिवसांपूर्वी ‘ओरायन’ या, साध्या मालवाहू बोटीचे सोंग घेतलेल्या जर्मन युद्धनौकेने हौराकी आखाताच्या तोंडाशी २२८ पाणसुरुंग पेरून ठेवले होते. त्यांतील एक नायगाराच्या वाट्याला आला. कप्तान विल्यम मार्टिन यांनी होड्या वेळेवर पाण्यात सोडल्या आणि बोटीवरील सर्व माणसे वाचली. दोन तासांच्या आत नायगारा बुडाली. तिच्याबरोबर ५९० विटाही गेल्या.

तळ ४३८ फुटांवर होता.

हा आकडा नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाण्याखाली एवढ्या खोलवर दर चौरस इंचावर सुमारे १९५ पौंडांचा दाब पडतो. तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख घालून उतरणाऱ्या त्या काळच्या पाणबुड्याला तेथे काम करणे केवळ अशक्य होते. आधीच खोल समुद्र, त्यात भोवती अजून न वेचलेले सुरुंग आणि वर चालू असलेले महायुद्ध. व्यवहारी हिशेबनीसाने ही रक्कम त्याच दिवशी बुडीत खाती टाकली असती, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता.

तथापि अशा खोलीवरून सोने काढल्याचे एक उदाहरण नुकतेच घडले होते, आणि त्या उदाहरणाचा धागा थेट मुंबईशी जुळतो. २० मे १९२२ रोजी लंडनहून मुंबईकडे येणारी पी अँड ओ कंपनीची ‘ईजिप्त’ ही बोट फ्रान्सच्या उशां बेटाजवळ दाट धुक्यात एका फ्रेंच मालवाहू बोटीच्या धडकेने बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. खलाशांत हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. मुंबईसाठी निघालेले दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी तिच्याबरोबर तळाशी गेले. लॉइड्सच्या विमेदारांनी दाव्याची रक्कम चुकती केली आणि त्यानंतर ते सोने कोणी काढून देईल काय, याचा शोध सुरू झाला. कोमेंदातोरे क्वालिया यांच्या जिनोआच्या कंपनीने हे काम पत्करले, तेही सोने निघाले तरच मोबदला, या अटीवर. त्यांच्या ‘आर्तिल्यो’ या बोटीने १९३० सालच्या ऑगस्टअखेरीस ईजिप्तचा सांगाडा शोधून काढला. पण १९३० च्या डिसेंबरात, हिवाळ्यात ते काम थांबलेले असताना, आर्तिल्यो दुसऱ्या एका बुडालेल्या दारूगोळ्याच्या बोटीचा अडथळा सुरुंगाने उडवीत होती. अनेक स्फोट निर्वेध पार पडले होते. त्या निर्धास्तपणात बोट जरा जवळ राहिली, तळाचा जुना दारूगोळा एकदम पेटला आणि आर्तिल्यो नाहीशी झाली. प्रमुख पाणबुडे आल्बेर्तो जान्नी यांच्यासह अनेक जण प्राणास मुकले. उरलेल्यांनी दुसरी बोट सज्ज केली, तिलाही तेच नाव दिले, आणि जून १९३२ मध्ये ईजिप्तचे सोने वर आले.

ईजिप्तच्या कामाने एक रीत घालून दिली होती. माणसाने स्वतः खाली काम करावयाचे नाही. जाड धातूच्या बंद कोठीत बसून खाली जावयाचे, खिडकीतून पाहावयाचे आणि टेलिफोनवरून वरच्यांना सांगावयाचे. हात म्हणून वरून तारेने सोडलेला लोखंडी जबडा काम करील. समुद्रातून माल काढण्याच्या धंद्यातील प्रत्येकाला ही रीत ठाऊक झाली होती, तशी आर्तिल्योची किंमतही.

मेलबर्नचे कप्तान जॉन प्रोथेरो विल्यम्स हे या धंद्यातले. जन्म १८९६ चा, वेल्समधला. वयाची चाळिशी ओलांडलेली. समुद्रावर वाढलेला माणूस, आणि पुढे बुडालेल्या बोटी काढण्याच्या व्यवसायात स्थिरावलेला. नायगाराचे सोने काढण्याची कामगिरी बँक ऑफ इंग्लंडने त्यांच्या मंडळीवर सोपविली. ‘खजिन्याचा शोध’ म्हटले की डोळ्यांसमोर जे येते, जुना नकाशा, बेभान मोह, आपसांतील दगाफटका, त्यांपैकी येथे काहीच नव्हते. खजिना कोणाचा हे ठाऊक होते, विटा किती हे ठाऊक होते, आणि निघालेली प्रत्येक वीट मोजून मालकाच्या हवाली करावयाची होती. कप्तान विल्यम्स हे परक्या देशाच्या पाण्यात दुसऱ्याचे सोने काढण्यासाठी नेमलेले जबाबदार गृहस्थ होते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर ते मालक नव्हेत, विश्वस्त.

पहिली अडचण बोटीची. न्यूझीलंडमधील चालती-फिरती प्रत्येक बोट युद्धाच्या कामी सरकारजमा झालेली होती. शोधता शोधता विल्यम्स यांना ऑकलंडमध्ये, मोडीत निघालेल्या बोटी जेथे पडून असत तेथे, ‘क्लेमोर’ नावाची किनारपट्टीवर चालणारी जुनी आगबोट सापडली. ती १९०२ साली बांधलेली. कित्येक वर्षे वापर नाही, लोखंड गंजलेले, यंत्रे थंडावलेली. एखाद्या बँकेने या बोटीवर तारण म्हणून शंभर पौंडसुद्धा दिले असते की नाही, याची शंका आहे. आणि जगातील सर्वांत खोल सोने तिने काढावयाचे होते. विल्यम्स यांनी ती घेतली, डागडुजी करवली, विंच आणि यारी बसविली. धडधाकट तरुण सैन्यात गेलेले असल्याने खलाशीही मिळतील तसे जमविले.

या तयारीतील महत्त्वाची वस्तू मात्र नवीन होती. डेव्हिड आयझॅक्स या अभियंत्याच्या आराखड्यावरून ऑस्ट्रेलियातील कॅसलमेन गावच्या थॉम्पसन फाउंड्रीत धातूची एक निरीक्षण-कोठी ओतली गेली. आत एकच माणूस मावेल एवढी ती जागा. सभोवती जाड काचांच्या लहान खिडक्या. ती वरून झाकणाने बंद केली की बाहेरचा दाब आत शिरत नसे, म्हणून आतला माणूस किनाऱ्यावरच्याच हवेत बसल्यासारखा असे. प्राणवायू आतल्या नळकांड्यातून मिळे आणि उच्छ्वासातील दूषित वायू रासायनिक द्रव्यात शोषून घेतला जाई. वरच्या जगाशी संबंध म्हणजे दोनच गोष्टी, कोठी जिला टांगलेली ती पोलादी तार आणि टेलिफोनची तार. या कोठीत बसणारे मुख्य पाणबुडे जॉन जॉन्स्टोन. त्यांचे बंधू विल्यम हेही त्यांच्यासोबत होते. दोघे सख्खे भाऊ एकाच विंचच्या भरवशावर, आणि तो विंच चालविण्याचा हुकूम कप्तानाचा.

डिसेंबर १९४० मध्ये क्लेमोर समुद्रात निघाली. काळ किती बिकट होता याची कल्पना एका घटनेवरून येईल. नोव्हेंबरच्या २७ तारखेला, म्हणजे थोड्याच दिवसांपूर्वी, त्याच ओरायनने आणि ‘कोमेट’ या दुसऱ्या जर्मन नौकेने न्यूझीलंडच्या पूर्वेस ‘रंगितानी’ ही मोठी उतारू बोट बुडविली होती. अशा समुद्रात एक जुनाट, निःशस्त्र बोट महिनोन्महिने एकाच परिसरात रेंगाळणार, आणि ती तेथे काय करते याचा बोभाटा होता कामा नये, असा हा मामला होता.

नायगारा नेमकी कोठे बुडाली, हे कोणालाच अचूक सांगता येत नव्हते. अंधारात, धांदलीत नोंदविलेल्या जागेवरून शोधण्याचे क्षेत्र आखले गेले ते सुमारे १६ चौरस मैलांचे. शोधण्याची पद्धत अगदी शेतकऱ्याने नांगरट करावी तशी होती. क्लेमोर आणि ‘बेट्सी’ नावाची छोटी लाँच यांच्यामध्ये लांब तार सोडावयाची, ती तळावरून ओढीत दोघींनी समांतर जावयाचे, आणि तार कशात अडते काय हे पाहावयाचे. तार खडकांत अडे. सोडवून पुन्हा आरंभ. वारा सुटला की काम बंद, वारा पडला की पुन्हा तीच पट्टी पहिल्यापासून. एका दिवसाच्या कष्टाने हाती एवढीच माहिती लागे की अमुक पट्टीत बोट नाही. जमाखर्चात अशा दिवसांना रकाना नसतो.

याच काळात, जी गोष्ट घडू नये म्हणून सर्व जण मनातल्या मनात देवाचे नाव घेत होते, ती घडली. ओढणीच्या तारेत खडकाऐवजी पाणसुरुंग गुंतला. पाणसुरुंग हा तळाशी साखळदंडाने बांधलेला, पाण्यात तरंगत राहणारा लोखंडी गोळा असतो. त्याच्या शिंगांपैकी एकावर आघात झाला की स्फोट होतो. नायगाराला बुडविणाऱ्या सुरुंगांचेच हे भावंड आता क्लेमोरच्या खाली, तिच्याच तारेला बांधले गेले होते आणि लाटेबरोबर तिच्या बुडाशी लगट करीत होते. इंजिन चालवावे तर धोका, तार ओढावी तर धोका, आणि स्वस्थ बसावे तर प्रत्येक लाटेला धोका. जॉन्स्टोन पोशाख चढवून त्या पाण्यात उतरले, ते सुरुंग कसा गुंतला आहे हे डोळ्यांनी पाहून त्याला दोर लावण्यासाठी. पाण्याच्या हिंदकळ्यांत त्यांना त्या गोळ्याच्या हातभर अंतरावर काम करावे लागले. अखेर बोट सुटली. कोणाला इजा झाली नाही.

येथे क्षणभर थांबून कप्तानाच्या बाजूने विचार करावासा वाटतो. जॉन्स्टोन यांचे धैर्य उघड दिसते आणि त्याचे कौतुक सर्वांनी केले, ते योग्यच झाले. परंतु वर डेकवर उभे राहून दुसऱ्या माणसाला त्या पाण्यात उतरू देण्याचा निर्णय ज्याला घ्यावा लागतो, त्याची अवस्था वर्णनात येत नाही. सोने त्याचे नाही. जीव त्याचा पणाला लागलेला आहेच, पण इतरांचाही लागलेला आहे, आणि त्यांच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार एकट्या त्याच्याकडे आहे. कर्जमंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, असे बँकेत गमतीने म्हटले जाते. विल्यम्स यांच्या सहीखाली रक्कम नव्हती, माणसे होती. आणि सुरुंगाची ही घटना पहिल्याच टप्प्यावर घडली होती. माघारी फिरण्यासाठी एवढे कारण पुरेसे होते. बँक ऑफ इंग्लंडनेही ते मान्य केले असते. ते माघारी फिरले नाहीत हे प्रसिद्धच आहे. ते बरोबर होते काय, याचे उत्तर मात्र सोने मिळाले एवढ्यावरून ठरविणे सोपे नाही. त्याच समुद्रात पुढे १४ मे १९४१ रोजी ‘पुरिरी’ ही सुरुंग वेचणारी नौका सुरुंगावर आदळून बुडाली आणि ५ माणसे मृत्युमुखी पडली. क्लेमोरचा सुरुंग फुटला नाही आणि पुरिरीचा फुटला, या दोहोंमध्ये कोणाच्या शहाणपणाचा किती वाटा होता, हे सांगणे धाडसाचे ठरेल.

जानेवारी १९४१ च्या अखेरीस तार पुन्हा अडली. यावेळी ती ज्या रीतीने अडली होती, तीत काही निराळेपण होते. २ फेब्रुवारी रोजी जॉन्स्टोन कोठीत बसून खाली गेले आणि धूसर प्रकाशात त्यांना बोटीची प्रचंड भिंत दिसली. नायगारा एका कुशीवर कलंडून पडली होती.

एखाद्या गोष्टीत सोने सापडले की गोष्ट संपते. येथे अजून आठ महिन्यांचे काम पुढे होते, आणि खरे कौशल्य याच भागात होते. सोन्याची खोली बोटीच्या पोटात खोलवर. तेथवर पोहोचावयाचे तर बाहेरचा पत्रा, मग डेक, मग आतल्या भिंती असे एकामागून एक अडथळे सुरुंगाने उडवावयाचे. स्फोटके मोजून ठेवावी लागत. कमी पडली तर दिवस वाया, आणि जास्त झाली तर खोलीची तळबाजू फाटून पेट्या बोटीच्या आतल्या अंधारात घरंगळून जाणार, जेथून त्या पुन्हा कधीच हाती लागल्या नसत्या. बँकेच्या स्ट्राँगरूमचे दार किल्ली हरवल्यामुळे तोडावे लागले तर किती जणांचा जीव टांगणीस लागतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते दार चारशे फूट पाण्याखाली, कलंडलेल्या इमारतीत, छतातून सोडलेल्या चिमट्याने तोडावयाचे आहे, अशी कल्पना करावी.

त्यात तो चिमटा आंधळा. लोखंडी जबडा तारेच्या टोकाला लोंबकळत खाली जाई. शेजारी कोठीत बसलेला जॉन्स्टोन टेलिफोनवरून सांगे: दोन फूट उजवीकडे, थोडे वर, थांबा, आता सोडा. वर क्लेमोर चहूबाजूंनी बोयांना दोरांनी बांधलेली असे. ‘दोन फूट उजवीकडे’ याचा अर्थ एका बाजूचे दोर सैल करून दुसऱ्या बाजूचे ओढावयाचे आणि संपूर्ण बोटच दोन फूट सरकवावयाची. पॅसिफिकची संथ दिसणारी लाट बोटीला वर-खाली करी, त्याबरोबर खालची कोठीही हेलकावे खाई. कोठी सांगाड्यावर जोराने आदळली आणि एखादी काच फुटली, तर आतल्या माणसाला ओरडण्याइतकाही वेळ मिळाला नसता. म्हणून आज उतरावयाचे की नाही, हा रोज सकाळचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर रोज सकाळी कप्तानालाच द्यावे लागे. जून, जुलै, ऑगस्ट हे दक्षिण गोलार्धातील थंडीचे आणि वादळांचे महिने. कित्येक दिवस बोट नुसती बंदरात बसून राही आणि खर्च चालू राही.

या अवधीत एक विलक्षण गोष्ट घडली होती, तिच्याकडे हिशेबी माणसाचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. ११ मार्च १९४१ रोजी अमेरिकेत लेंड-लीज कायदा मंजूर झाला. ब्रिटनला यापुढे शस्त्रांसाठी रोख सोने मोजण्याची सक्ती उरली नाही. ज्या निकडीपोटी या विटा समुद्रावर चढविल्या गेल्या, ती निकड विटा तळाशी असतानाच सरली. सोन्याचे मूल्य त्यामुळे कमी झाले असे नव्हे. पण महायुद्धाचा जय-पराजय या ५९० विटांवर अवलंबून होता, असे आता कोणी म्हणू शकत नव्हते. आता उरला होता तो एका मालकाचा माल आणि तो परत करण्याचे दिलेले वचन. काम मात्र तसेच पुढे चालू राहिले, त्याच जुनाट बोटीवर, त्याच माणसांच्या हातून.

१३ ऑक्टोबर १९४१ रोजी जबडा वर आला आणि त्यात लाकडी पेटी होती. आत दोन विटा. सोळा महिने खाऱ्या पाण्यात राहूनही सोन्यावर डाग पडत नाही, हे पुस्तकात वाचलेले सत्य डेकवरच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले. मग विटा येऊ लागल्या. कधी पेटीसकट, कधी पेटी फुटून सुट्या, कधी मोडके लाकूड, पत्रे आणि चिखल यांच्या ढिगाऱ्यात लपलेल्या. प्रत्येक खेपेचा ढिगारा डेकवर पसरून हातांनी चाळावा लागे, मोजणी होई, नोंद होई. महिनोन्महिने अपुऱ्या जागेत, थंडीत, सुरुंगांच्या सान्निध्यात राहिलेली साधी माणसे जी वीट हाताळीत, त्या एका विटेची किंमत त्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराहून अधिक होती. बारा-तेरा किलोंची ती वस्तू एका हाताने उचलून पुढच्याच्या हाती द्यावयाची आणि पुन्हा चिखलात बसावयाचे. किनाऱ्यावर नेऊन ते सोने रीतसर ताब्यात दिले जाई.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ५५५ विटा वर आल्या. शेकडा ९४ वसुली. उरलेल्या ३५ सांगाड्याच्या आत कोठेतरी सांडल्या होत्या. जबड्याच्या खेपा रिकाम्या येऊ लागल्या, क्लेमोर आणि तिची यंत्रे थकत आली होती. ३५ विटा म्हणजे तेव्हाचे सुमारे दीड लाख पौंड. सामान्य माणसाच्या सात पिढ्यांना पुरेल एवढे धन. अशा वेळी ‘आणखी आठ दिवस’ म्हणण्याचा मोह किती मोठा असतो, हे सांगावयास नको. वसुलीच्या कामातील अनुभवी माणसे जाणतात की शेवटच्या पाच-सहा टक्क्यांसाठी लागणारा खर्च पहिल्या नव्वदांहून जड जातो. आणि येथे खर्च म्हणजे जॉन्स्टोन बंधूंनी आणखी किती वेळा त्या कोठीत बसावे, असा हिशेब होता. ८ डिसेंबर १९४१ रोजी काम थांबविण्यात आले. न्यूझीलंडच्या तारखेप्रमाणे त्याच दिवशी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. पॅसिफिक महासागर यापुढे एखाद्या बोटीने दोरांनी स्वतःला जखडून घेऊन स्वस्थ उभे राहण्याजोगा उरला नव्हता.

या संपूर्ण कामगिरीत, सुरुंगांच्या त्या शेतात वर्षभर वावरूनही, खोल पाण्यातल्या त्या कोठीने एकही माणूस गमावला नाही. जेम्स टेलर यांनी या मोहिमेवर पुस्तक लिहिले, त्यामुळे तिचा तपशील जगासमोर आला. विल्यम्स यांनी पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नौवहन आयोगाचे अध्यक्षपद १९५६ पासून दीर्घकाळ भूषविले, त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि १९८९ साली ते वारले. दुसऱ्याच्या विटा मोजून देणाऱ्या माणसाकडे एका राष्ट्राने आपल्या बोटींचा कारभार सोपविला, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

१९५३ मध्ये रिस्डन बीझली या ब्रिटिश कंपनीने ‘फोरमोस्ट १७’ नावाची सुसज्ज बोट नायगारावर पाठविली. शांततेचा काळ, नवी यंत्रे, सुरुंगांचे भय नाही. उरलेल्या ३५ पैकी ३० विटा निघाल्या. ५ विटा अद्याप तेथेच आहेत. नायगाराचे पत्रे मात्र दरसाल गंजत चालले आहेत आणि तिच्या टाक्यांत इंधनाचे तेल उरले आहे; मधूनमधून त्याचा तवंग वर येतो. जवळच पुअर नाइट्स बेटांचे सागरी अभयारण्य आहे. न्यूझीलंडमध्ये आज नायगाराची चर्चा निघते ती बहुधा त्या तेलाविषयी, ते कसे काढावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याविषयी.